बॅटरी धरणारा

माझ्या हातात पाना शोभत नाही, हे आमच्या घरात सर्वांना मान्य आहे. सायकलची चेन पडली तर मी शेजारच्या पोराला हाक मारतो, आणि कुकरची शिट्टी बिघडली तर तो प्रश्न आपोआप सौभाग्यवतींच्या खात्यात जातो. वर्गात पोरांना व्याकरण शिकवावे आणि सुटीत एखाद्या कादंबरीसाठी चार कागद काळे करावेत, एवढीच माझी कारागिरी. त्यामुळे 2023 च्या एप्रिलात दादाचा अमेरिकेहून फोन आला आणि तो म्हणाला, "सुटी लागली की इकडे ये. तिकीट पाठवतो. गाडीचे बुश बदलायचे आहेत," तेव्हा मला वाटले, ऐकण्यात काही चूक झाली असावी. बुश बदलायला कोणी सांगलीहून मराठीचा मास्तर मागवतो काय?

पण पुतणीच्या लग्नासाठी काढलेला व्हिसा अजून शिल्लक होता, आणि दादाला 'नाही' म्हणण्याची सवय मला कधी लागलीच नाही. गेलो.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. इंजिनिअर होऊन तो डेट्रॉइटला गेला, त्याला आता तीस वर्षे होत आली. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे पंढरपूर. आणि त्या पंढरपुरात राहून या गृहस्थाने हौसेची गाडी घेतली ती जपानी! माझदा मियाटा, 1994 सालची, लाल रंगाची. दोनच माणसे बसतील एवढी, वजनाने टनाच्या आसपास, आणि छत हाताने मागे लोटता येणारी. ही गाडी 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली, आणि 2016 पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या, ही माहिती दादा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर देतो. वहिनींचे म्हणणे एवढेच, की "संसार चौघांचा आणि गाडी दोघांची, हा कुठला हिशेब?"

त्या मुलखात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. लोणच्याला जे मीठ टिकवते तेच लोखंडाला खाते. वरून गाडी नवऱ्या मुलीसारखी लखलखीत; पण गॅरेजमध्ये आडवे पडून खाली पाहिले, तर जुन्या आडावरच्या रहाटासारखा सगळा गंज.

आमच्या लहानपणी मिरजेच्या स्टेशनाबाहेर टांगे उभे असत. टांग्याला कमानपाटे असतात, ते हबका झेलतात, एवढे मला ठाऊक होते. या गाडीत पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा, आणि प्रत्येक स्प्रिंगच्या पोटात एक शॉक ऑब्सॉर्बर. हबका झेलायचे काम स्प्रिंगचे. झेलल्यावर ती नाचत बसू नये हे पाहणे शॉकचे काम. दादाने मला बॉनेटचा एक कोपरा जोराने दाबून सोडायला लावला. गाडी वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. "एकदा वर येऊन थांबली पाहिजे," तो म्हणाला. "हे शॉक मेले."

शिवाय प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन लोखंडी बाह्यांनी धरलेले असते. त्या बाह्या जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडल्या जातात, तिथे बुश: आत पोलादी नळी आणि तिच्याभोवती जाड रबर. एकोणतीस वर्षांत त्या रबराला भेगा पडल्या होत्या. रेल्वेचे रूळ ओलांडताना खालून कोणी उखळात मुसळ घालावे तसा आवाज येई.

पहिला धडा मिळाला तो असा: "नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही. कधीच नाही." चारी बाजूंनी घोड्या लावल्या, गाडी हलवून पाहिली, मगच चाके उतरवली. बोल्टांना त्याने आधीच तीन रात्री तेल पाजून ठेवले होते. पुढच्या बाजूचे बोल्ट कुरकुरत का होईना, निघाले. मात्र मागच्या डाव्या चाकाच्या खालच्या बाहीतला एक लांब बोल्ट काही केल्या ऐकेना. नट निघाला, पण बोल्ट बुशाच्या नळीत गंजून एकजीव झाला होता. हातोडा झाला, पान्याला चार फुटी पाइप लावून झाला, गॅसची ज्योत झाली. जळक्या रबराच्या वासाने वहिनी ओट्यावरचे काम टाकून धावत आल्या आणि आमच्याकडे पाहून काही न बोलता परत गेल्या. त्या एका बोल्टाने दीड दिवस खाल्ला. शेवटी तो दोन्ही बाजूंनी करवतीने कापावा लागला.

या दीड दिवसात मला एक गोष्ट हळूहळू कळत गेली. प्रत्येक वेळी दादा म्हणे, "हां, आता तू फिरव." मला वाटे, मला शिकवतोय. मग लक्षात आले, की त्याचा उजवा हात बहुतेक वेळ खिशात असतो. एकदा त्याच्या हातून वॉशर पडला. तो उचलताना पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मी उचलला.

करवत चालवायला मी गाडीखाली शिरलो, तेव्हा तोही बॅटरी घेऊन शेजारी आडवा झाला. गाडीखाली एकमेकांची तोंडे दिसत नाहीत.

"पार्किन्सन्स आहे," तो म्हणाला. "मार्चमध्ये कळलं. हिला माहीत आहे. पोरीला अजून सांगितलं नाही."

मी करवत थांबवली.

"थांबू नकोस, पातं गरम आहे तोवर चालव. दुकानात टाकली असती तर दोन दिवसांत झाली असती रे. पण या गाडीला आजवर परक्याचा हात लागलेला नाही."

आम्ही लहान असताना वडिलांकडे राजदूत होती. ती नेहमी रात्रीच बिघडे, आणि आमच्याकडे वीजही नेमकी तेव्हाच जाई. दादा अंगणात पोते अंथरून तिचे इंजिन उघडून बसे आणि मी, सहा-सात वर्षांचा, बॅटरी धरून उभा. झोपेने डोळे मिटत, प्रकाश सरकून तुळशीवृंदावनावर जाई, आणि लगेच ओरड येई, "हात हलवू नकोस, गाढवा!" यंत्रविद्येतले माझे शिक्षण तेवढेच.

आता प्रकाश त्या बोल्टावर थरथरत होता. कधी करवतीच्या पात्यावर, कधी माझ्या मनगटावर. मी प्रकाशाची वाट पाहून पाते चालवत राहिलो.

"हलतोय का रे?" त्याने विचारले.

"नाही."

"खोटं बोलू नकोस, गाढवा," तो म्हणाला, आणि बॅटरी दोन्ही हातांनी धरली.

पुढचे काम मुकाट्याने झाले. जुने बुश शेगड्यात दाबून काढले, नवे बसवले. चुकून एक उलटा बसवला, तो पुन्हा काढला. त्याबद्दल मी काय ऐकून घेतले ते इथे लिहीत नाही. सगळे जोडल्यावर मी बोल्ट आवळायला निघालो, तर दादाने अडवले. बुशाचे बोल्ट गाडी अधांतरी असताना शेवटचे आवळायचे नसतात. तसे केले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते, कायमचे पिळलेलेच राहते, आणि लवकर फाटते. आधी गाडीचे सगळे वजन चाकांवर येऊ द्यायचे. म्हणून चाकांखाली फळ्यांच्या चळती रचल्या, गाडी त्यांवर उतरवली आणि मी पुन्हा खाली शिरलो. नेमका जोर लागला की 'टक्' करणारा एक पाना असतो. प्रत्येक 'टक्' ऐकू आला की दादा बाहेरून आकडा मोजी. मोठ्याने, पाढे म्हटल्यासारखा.

चाकांची सरळ रेघ जुळवायला गाडी दुकानात न्यावीच लागली. तिथल्या तरुण कारागिराने खाली वाकून पाहिले आणि काम कोणी केले म्हणून विचारले. दादाने माझ्याकडे बोट केले आणि माझा व्यवसायही सांगितला. त्या पोराने माझ्या हातांकडे जरा चमकून पाहिले. नखांत ग्रीस होते, मला फार बरे वाटले.

संध्याकाळी छत मागे लोटून आम्ही दोघे निघालो. दादा चालवत होता. गियर बदलताना त्याचा हात दांड्यावर घट्ट बसे आणि तेवढा वेळ तो मुळीच हलत नसे. रेल्वेचे रूळ आले. त्याने वेग कमी केला नाही. मुसळाचा आवाज आला नाही. पण मागून कुठून तरी 'खण्' असे वाजले.

त्याने गाडी कडेला घेतली, उतरून चारी चाकांशी वाकून आला. मग डिकी उघडली. आत सतरा नंबरचा पाना पडला होता.

"हा इथे कोणी ठेवला?"

"मी."

त्याने पाना कोटाच्या खिशात घातला, पुन्हा बसला, आणि मला म्हणाला, "आता परतताना तू चालव. इथे रस्त्याची उजवी बाजू धरायची, तेवढं फक्त लक्षात ठेव."

"माझ्याकडे इथलं लायसन कुठे आहे?"

"मग पुढच्या वर्षी काढून ये," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.