दातातली एप्रिल छाटणी

पोराच्या दातावर डाग दिसला की आपल्याकडे आरोपी ठरलेले असतात. पहिला चॉकलेट, दुसरी आई. दिंडोरीच्या माझ्या वहिनीवर हाच खटला चालला. भाचा सात वर्षांचा. पहिल्या पक्क्या दाढा आल्या त्याच पिवळट-तपकिरी डाग घेऊन, आणि पुढच्या एका दातावर पांढरा ठिपका. गार पाणी लागलं की पोरगं कळवळायचं. ‘लाडावून ठेवलाय, ब्रश करतो कुठे?’ हा काकूंचा निकाल. आता वहिनी म्हणजे दोन्ही वेळा त्याला स्वतः ब्रश करून देणारी बाई! ती काही बोलली नाही. घरातला गोळ्यांचा डबा तेवढा शेजारी देऊन आली.

नाशिकच्या डेंटिस्टने दाढा बघितल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन, थोडक्यात एमआयएच. हे नाव २००१ मध्ये ठेवलं गेलं. जगात साधारण सात-आठ मुलांमागे एकाला हा त्रास असतो. सुरुवात किडीने होत नाही. दाढ हिरडीतून वर येते तीच कच्ची.

मग मी जरा वाचायला बसले. एनॅमल ही आपल्या शरीरातली सगळ्यात टणक चीज, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. ते बनवतात अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी. आधी प्रथिनांचा साचा उभा करायचा, मग प्रथिनं काढून घेत त्या जागी कॅल्शियम-फॉस्फेट ठासून भरायचं. दात बाहेर येईपर्यंत या पेशी संपलेल्या असतात, त्यामुळे नंतर दुरुस्तीला कुणी उरतच नाही. पहिल्या पक्क्या दाढेचं हे काम बाळाच्या जन्माच्या आसपास सुरू होतं आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला आटोपतं. दाढ दिसते मात्र सहाव्या वर्षी.

खरी गंमत पुढे आहे. या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे रिसेप्टर सापडलेत, म्हणजे त्या हार्मोनचा निरोप घेणारी प्रथिनं. मुलांच्याही दातांत, हो! आणि रिसेप्टर भोळा असतो, इस्ट्रोजेनसारखं दिसणारं काहीही चिकटलं तरी तो निरोप आत पोचवतो. बिस्फेनॉल ए हा असाच एक तोतया. कडक पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकमध्ये आणि डब्यांच्या आतल्या लेपात वापरलेला. तो इस्ट्रोजेनसारखा वागतो हे १९३६ पासून माहीत होतं. तरी बाटल्या बनल्याच.

पॅरिसच्या संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. रोज थोडं बिस्फेनॉल ए दिलेल्या उंदरांच्या दातांवर तिसाव्या दिवशी एमआयएचसारखे पांढरे डाग होते आणि एनॅमलमध्ये अल्ब्युमिन हे प्रथिन अडकून राहिलं होतं. जिथे खनिज भरायचं, तिथे पाहुणा बसलेला! शंभराव्या दिवशीच्या दातांवर मात्र डाग नव्हते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून हे कळलं. घात होतो तो सुरुवातीच्या ठरावीक दिवसांतच.

हे सगळं मी ओट्यावर बसून समजावत होते तर दादा म्हणाला, ‘अगं, ही तर एप्रिल छाटणी झाली.’ द्राक्षवाल्याला हार्मोनचं लेक्चर द्यायची गरजच नसते. मणी फुगवायला तो घड जीएच्या पाण्यात बुडवतो, पीपीएम मोजून, दिवस मोजून. शिवाय एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात घड धरतो की नाही ते ठरतं, आणि वरून काही म्हणता काही दिसत नाही. तेव्हा काही बिनसलं तर समजतं ऑक्टोबरची गोडी छाटणी झाल्यावर. ‘मग तेव्हा बाईला बोलून काय उपयोग?’ हे तो काकूंकडे बघून म्हणाला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आमच्या पोराच्या दाढा प्लॅस्टिकने बिघडवल्या असं कुणीही सांगू शकणार नाही, मी तर नाहीच. लहानपणीची आजारपणं, ताप, आनुवंशिकता असे बरेच संशयित या यादीत आहेत आणि माणसात अजून कुणावरच गुन्हा शाबीत झालेला नाही. पण सरकारं शाबितीची वाट बघत थांबली नाहीत. भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून पॉलिकार्बोनेट हद्दपार केलं. युरोपीय युनियनने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला लागणाऱ्या जवळपास सगळ्याच वस्तूंसाठी बिस्फेनॉल एवर बंदी आणली. तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या डब्यावर ‘बीपीए फ्री’ लिहिलेलं असतं ना, त्यामागची स्टोरी ही. (‘फ्री’ लिहून त्याच घराण्यातलं बीपीएस वापरलेलं असतं कधीकधी, तो वेगळाच राग.)

भाच्याच्या दाढांवर डेंटिस्टने सिमेंटचा थर दिलाय, अधूनमधून फ्लोराइडचा लेप लावतात. ब्रश कोमट पाण्याने, कारण या दाढा झोंबतात. आणि ढिलाई चालणार नाही, कारण कच्च्या एनॅमलला कीड पटकन लागते. म्हणजे वहिनीची दोन वेळची ड्यूटी सुटली नाहीच. फक्त आता ती ब्रश घेऊन उभी राहिली की काकू टीव्हीचा आवाज वाढवतात.