कावेरीकाठचे मौन

तिरुचिरापल्लीहून करूरकडे जाणारा रस्ता कावेरीची सोबत फारशी न सोडता पश्चिमेस निघतो. तासाभराच्या प्रवासानंतर कुळित्तलै हे गाव लागते. त्याच्या जवळच तन्नीरपळ्ळी नावाचे खेडे आहे आणि तेथे, नदीच्या अगदी काठावर, झाडीत दडलेला सच्चिदानंद आश्रम आहे. लोक त्यास ‘शांतिवनम्’ म्हणतात. हीच कावेरी पुढे तंजावरच्या मुलुखास पाणी देते. भोसल्यांचे तंजावर पाहावयास जाणाऱ्या आपल्या मंडळींनी वाट थोडी वाकडी करून येथे एखादी रात्र काढावी, असे आम्हांस मनापासून वाटते.

प्रवेशद्वारावर गोपुर आहे आणि त्यावर त्रिमूर्तीची आठवण व्हावी अशी तीन मुखांची आकृती आहे. नवख्या माणसास हे एखादे शिवालयच वाटावे. परंतु ही आकृती पिता, पुत्र व पवित्र आत्मा या ख्रिस्ती त्रैक्याची होय. आश्रमाच्या नावातही तोच अर्थ आहे: सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र, आनंद म्हणजे पवित्र आत्मा. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी हा विचार १८९८ साली आपल्या संस्कृत स्तोत्रात गुंफला होता. त्यास वास्तूचे रूप देण्याचे कार्य १९५० साली दोन फ्रेंच धर्मगुरूंनी हाती घेतले. एक फादर ज्यूल मोंशानँ आणि दुसरे बेनेडिक्टाइन संन्यासी आंरी ल सो, म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेले स्वामी अभिषिक्तानंद. दोघांनी काषाय वस्त्रे धारण केली आणि साध्या झोपडीत संन्यस्त जीवन आरंभिले.

आश्रमाचा दिनक्रम मोजका आहे. सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळी ध्यान असते. सकाळी, दुपारी व सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होते. सकाळी चंदन, दुपारी कुंकू आणि सायंकाळी विभूती कपाळास लावावयाची. बायबलाबरोबर उपनिषदांचेही वाचन होते. या सर्वांचा गाभा मात्र ध्यानाच्या वेळेत आहे. नदीकाठी कोणी झाडाखाली बसतो, कोणी वाळूवर. कोणी काही शिकवीत नाही, कोणी कोणाकडे पाहत नाही.

ख्रिस्ती माणसाची प्रार्थना म्हणजे मागणे, स्तुती आणि पापांची कबुली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मौनाची परंपराही त्या धर्मात तितकीच जुनी आहे. येशू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांती प्रार्थनेस जात असे, आणि खोलीचे दार लावून गुप्तपणे प्रार्थना करावी अशी त्याची शिकवण होती, असे शुभवर्तमानांत आले आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे तपस्वी एखादे लहानसे वचन दिवसभर मनात घोळवीत. पूर्वेकडील ख्रिस्तसभांनी येशूचे नाव श्वासाबरोबर घेण्याची रीत जतन केली. नामस्मरणाच्या संस्कारात वाढलेल्या मराठी माणसास ही वाट अनोळखी वाटू नये. भर मात्र एका गोष्टीवर आहे. मन रिकामे करणे हे येथे साध्य नाही. कोणीतरी बोलेल या विश्वासाने गप्प राहावयाचे आहे. बोलणे कधी ऐकू येईल, येईल की नाही, हे बसणाऱ्याच्या हाती नाही. ती कृपा होय.

फळाचा हिशेब न ठेवता बसणे किती कठीण असते, हे या आश्रमाच्या इतिहासावरूनच कळते. मोंशानँ १९५७ साली पॅरिसमध्ये वारले, तोवर एकही भारतीय शिष्य तेथे कायमचा टिकला नव्हता. जगाच्या हिशेबाने हे अपयशच म्हणावे लागेल. अभिषिक्तानंदांना अरुणाचलाची आणि पुढे हिमालयाची ओढ लागली. १९६८ साली ते उत्तरकाशीस गेले. त्याच वर्षी केरळातील कुरिशुमला आश्रमातून इंग्रज संन्यासी बीड ग्रिफिथ्स येथे आले आणि १९९३ मध्ये देह ठेवीपर्यंत येथेच राहिले. त्यांच्या काळात देशोदेशींचे साधक येऊ लागले. टीकाही झाली. काषाय वस्त्र आणि ओंकार हे धर्मांतराचे आवरण आहे, असा काही हिंदूंचा आक्षेप होता, आणि १९८७ साली त्यावर वर्तमानपत्रांतून पत्रव्यवहार झडला. उलट, येथे ख्रिस्ताचे वेगळेपण पुसले जाते, असे काही ख्रिस्ती लोकांस वाटे. हे प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगे नाहीत; दुसऱ्याच्या पवित्र खुणा हाती घेणाऱ्याने त्यांचे उत्तर द्यावयास हवे. ते शब्दांनी किती देता येईल, याची शंकाच आहे. आश्रमाने आसपासच्या गरिबांसाठी जे केले, मुलांना दूध आणि निराधार वृद्धांना आसरा दिला, ते आम्हांस अधिक बोलके उत्तर वाटते. मौनातून उठलेल्या माणसास शेजारी दिसू लागला तरच ते मौन खरे.

आपल्या इंदूरकर वाचकांस आणखी एक धागा ठाऊक असावा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अभिषिक्तानंदांचे अखेरचे दिवस इंदुरात गेले आणि ७ डिसेंबर १९७३ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. ज्या नगरीत आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, तिनेच या परदेशी संन्याशास अखेरचा विसावा दिला.

दूरच्या कावेरीकाठी जाणे प्रत्येकास साधेल असे नाही. परंतु त्या ध्यानास नदीची अट नाही. घरातील माणसे उठण्यापूर्वीची पंधरा मिनिटे, एक कोपरा, एक नाव आणि काहीही न मागण्याची तयारी, एवढे भांडवल पुरे. कोणी येशूचे नाव घेईल, कोणी विठ्ठलाचे. पहिले काही दिवस मनात बाजारच भरेल. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. मोंशानँ सात वर्षे असेच बसले होते.