३२४ रुपयांचा वाद

संपादकांना ‘प्रेरणादायी माणसं आणि पुस्तकं’ या विषयावर लेख हवा होता. प्रस्तुत लेखक कामगारांच्या अपघातांचे दावे लढवणारा वकील. भोसरी, तळवडे, महाळुंगे, चाकण या पट्ट्यात प्रेसखाली गेलेली बोटं हा त्याचा अभ्यासविषय. तेव्हा प्रेरणेआधी वाचकांनी थोडा हाडांचा हिशेब सोसावा.

सध्या डोक्यातून न जाणारा दावा लातूरकडच्या एका हेल्परचा आहे. चाकणजवळच्या छोट्या प्रेस शॉपमध्ये तो ठेकेदारामार्फत लागला होता. प्रेसचा सुरक्षा सेन्सर चालू ठेवला की नग कमी निघतात, म्हणून तो बंद केलेला. तिसऱ्या पाळीत पंच खाली आला आणि उजव्या हाताच्या तर्जनीची पेरं गेली. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, त्याची नोंदणी झाली ती दुसऱ्या दिवशी! यात नवल काही नाही. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमींवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. अपघातानंतर हातात पडलेलं ईएसआय कार्ड त्यांतही वारंवार भेटतं.

नोंदणी उशिरा झाली म्हणजे हक्क बुडाला, असं कामगारालाही वाटतं आणि त्याच्या शिकलेल्या भावालाही. तसं नाही. मालकाने वर्गणी भरली नसली, तरी ती देय होती एवढं कायद्याला पुरतं. फक्त त्या रात्री माणूस कामावर होता, हे सिद्ध व्हावं लागतं. घोडं अडतं ते इथे. हजेरीपट टाइम ऑफिसच्या कपाटात, आणि साक्षीदारांची नोकरी त्याच ठेकेदाराच्या हातात.

या दाव्यात पॅकिंगमधली एक बाई पुढे आली. पाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुपरवायझरने टाकलेली त्या रात्रीची नावांची यादी तिच्या मोबाइलमध्ये शिल्लक होती. “ताई, तुमच्या नोकरीचं काय?” असं विचारल्यावर ती म्हणाली, “वकीलसाहेब, रुमाल मीच बांधला होता त्याच्या हाताला. बघितलं नाही असं कसं सांगू?” तिने सांगितलं आणि अपघात मान्य झाला. पुढच्या महिन्यात ठेकेदाराने तिला बोलावणं बंद केलं.

कोर्टाच्या बाकावर ती अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ वाचत बसायची. त्यातूनच तिला धैर्य आलं, असं लिहिलं तर संपादक खूश होतील. विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की पुकारा होईपर्यंत वेळ जात नाही.

पुस्तकांचा विषय निघालाच आहे तर प्रस्तुत लेखकाचं आवडतं पुस्तक म्हणजे प्रा. बी. पी. आडारकर यांचा १९४४चा अहवाल. तो कोणी वाचत नाही. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम आडारकरांकडे १९४३मध्ये आलं ते त्या काळात. त्यातून १९४८चा ईएसआय कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. पिंपरी चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला १४ एप्रिलला हार घालणाऱ्यांना राज्यघटना ठाऊक असते; मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयातल्या केसपेपरशी बाबासाहेबांचा संबंध कोणी सांगत नाही.

कामगार चळवळीबद्दलचा गैरसमज तर विचारूच नये. चाकणमध्ये ‘माथाडी’ म्हटलं की कारखानदाराला खंडणी आठवते. संघटनेच्या नावावर खंडणी उकळणारे आहेत, हे खरंच. त्यांना तुरुंगात घाला. पण १९६९चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमालांसाठी झगडून मिळवलेला. मालकाने मजुरी आणि लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची, मंडळाने हमालाला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, बोनस द्यायचा. मुकादमाच्या मेहरबानीचा प्रश्न उरत नाही. खंडणीखोरांच्या बातम्या छापल्या जातात, मंडळाचं कामकाज छापण्याइतकं रंजक नसतं.

आता मुख्य भांडण. ईएसआयच्या कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचा तक्ता आहे. अख्खी तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असं धरायचं, दोन पेरं गेली तर ११, एक गेलं तर ९. हात उजवा की डावा, हे तक्ता विचारत नाही. माणूस गेजने माप घेतो की पोती उचलतो, हेही नाही. प्रताप नारायण सिंग देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निराळी वाट धरली होती. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची क्षमता पूर्णच गेली असं न्यायालयाने मानलं. वैद्यकीय मंडळापुढे हा निकाल वाचला की डॉक्टर विनम्रपणे ऐकून घेतात आणि तक्ता उघडतात. बोटाचे टक्के डॉक्टरांनी ठरवावेत, पण कामाचे ठरवताना प्रेस शॉप पाहिलेला कोणी तरी शेजारी बसावा, हे म्हणणं प्रस्तुत लेखक इतकी वर्षं मांडतो आहे की सहकारी आता चहा मागवून विषय बदलतात.

त्या हेल्परच्या दाव्यात वैद्यकीय मंडळाने ९ टक्के लिहिले. एक्स-रेत दुसरं पेरही तुटलेलं दिसतं, म्हणून अपील. पगार १८,००० धरला तर त्याचे ९० टक्के १६,२००, आणि त्यावर दोन टक्क्यांचा फरक महिन्याला ३२४ रुपये. “एवढ्यासाठी अपील?” असं एका कारकुनाने हसत विचारलं. मुलगा सव्वीस वर्षांचा आहे आणि रक्कम हयातभर मिळायची आहे, एवढं सांगितल्यावर त्याने अर्जावर शिक्का मारला.

पॅकिंगवाल्या ताई आता निघोज्यात दुसऱ्या ठेकेदाराकडे आहेत. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. नव्या ठिकाणी तिघींना लागून महिना होत आला, ईएसआय नंबर अजून मिळालेला नाही. अर्ज कोणाच्या नावाने करायचा, असं त्या विचारत होत्या.