भट्टीचं वारं

दसरा झाला की मुळशी खोऱ्यात विळ्यांची घाई सुरू होते. खाचरांतलं भात पिवळं पडायला लागतं आणि वर्षभर कुडात खोचून ठेवलेले गंजके विळे माणसं आमच्या पडवीत आणून टाकतात. इंद्रायणी कापायला आली की सगळ्यांना एकाच दिवशी धार हवी असते. अशा दिवसांत आमच्या भट्टीच्या ब्लोअरची मोटर गेली.

तशी ती एकाएकी गेली नाही. आधीपासून तिचा आवाज बदलला होता. बटण दाबल्यावर नुसती गुणगुणायची आणि उशिराने वेग धरायची. आबा म्हणायचे, "वारं लागंना रं." मोटरीच्या आत काय असतं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, पण लोखंडाला रंग चढायला किती वेळ लागतो हे आमच्या पौडात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. मग एका सकाळी मोटर फिरलीच नाही, जळका वास तेवढा आला. मी औंधच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकलोय आणि पिरंगुटला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. रजा टाकली आणि पाने घेऊन पडवीत बसलो.

ब्लोअर दिसतो गोगलगायीच्या शंखासारखा. आत पात्यांचा पंखा, त्याचा दांडा थेट मोटरीला. पंखा मधून हवा ओढतो आणि कडेला फेकतो, तिथून ती नळीने भट्टीच्या तळाशी जाते. दगडी कोळशाचा थर फोडून वर यायला त्या हवेला जोर लागतो. लोखंड घणाखाली वळायचं तर ते पिवळं व्हावं लागतं, म्हणजे हजार अंशांच्या पुढेमागे, आणि तेवढी आग वाऱ्याशिवाय होत नाही.

आमच्या घरात हे वारं आधी आईच्या दंडांतून यायचं. चामड्याचा भाता ती ओढायची आणि आबांनी सांडशीत धरलेल्या फाळावर घणही तीच घालायची. आजोबांच्या काळी खळ्यावर बलुत्याचं भात मिळायचं ते लोहाराच्या नावावर. भाता ओढणाऱ्या बाईचं नाव त्यात कुठेच नसायचं. विजेचा ब्लोअर आला तेव्हा आईचे खांदे सुटले. या मोटरीला मी घरातल्या माणसासारखं जपतो, ते त्यासाठी.

भारनियमनाच्या वर्षांत मात्र आईचे हाल पुन्हा सुरू झाले होते. दिवसातले कित्येक तास वीज नसायची, मग ती हाताने फिरवायच्या पंख्याजवळ बसायची. तेव्हा पडवीत आलेली म्हातारी माणसं मुळशी धरणाचा विषय काढायचीच. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी गावं बुडाली. धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याला गेलं, १९२७ पासून तिथं वीज व्हायला लागली आणि ती मुंबईला गेली. ज्यांची भाताची खाचरं त्या पाण्याखाली आहेत त्यांच्या नातवंडांचे विळे अंधारात अडून राहावेत, हे मला तेव्हाही सहन व्हायचं नाही आणि आजही होत नाही.

असो, मोटरीकडे येतो. आधी स्विचवर न विसंबता वायरच काढली. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून बल्बच्या होल्डरच्या वायरी लावून तो रिकामा केला. पंखा हाताने फिरवून पाहिला तर जड, आणि दांडा वरखाली हलत होता. म्हणजे बेअरिंग संपलं होतं. कपॅसिटरवर १० मायक्रोफॅरड छापलेलं, मीटरवर जेमतेम ६ दिसले. कपॅसिटर असा उतरला की मोटरीला सुरुवातीचा जोर मिळत नाही, ती रखडते आणि रखडत गरम होते. एवढंच असतं तर दोन्ही सुटे भाग बदलून काम भागलं असतं. पण सिरीजचा बल्ब लावल्यावर तो मोटरीच्या बॉडीवरही पेटला. कॉइल जळून बॉडीला चिकटली होती. रिवाइंडिंगला द्यायची तर वाट पाहावी लागणार आणि भात कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे नवी आणायचं ठरलं.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. जाताना जुन्या मोटरीच्या दांड्याची जाडी, पायाच्या भोकांमधलं अंतर आणि फिरण्याची दिशा कागदावर उतरवून नेली. दुकानदाराने १४०० आरपीएमची मोटर पुढे केली. तेवढ्याच हॉर्सपॉवरची होती आणि लगेच मिळत होती. आमची जुनी २८०० ची. वेग अर्धा झाला की हवा अर्धी होते, पण हवेचा दाब एक चतुर्थांशावर येतो. मग पंखा फिरताना दिसेल, वारं हाताला लागेल, आणि कोळशाच्या थराखालीच ते मरेल. लोहारांनी मोटर घेताना हॉर्सपॉवरच्या आधी हा आकडा विचारावा असं मला कळकळीनं वाटतं. मी २८०० चीच घेतली. आणखी दोन गोष्टी बघितल्या: कपॅसिटर बाहेरून बदलता यावा आणि बेअरिंग ६२०२ सारखं, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळणारं असावं. बंद डब्यासारख्या मोटरी आता येतात. बिघडल्या की त्या फेकूनच द्याव्या लागतात. भाता फाटला तर आजोबा स्वतः चामडं शिवायचे, तो हक्क लोहाराने मोटर घेताना सोडू नये.

बसवताना पंखा न लावता मोटर आधी नुसती फिरवून पाहिली. या पंख्याची एक फसवणारी गोष्ट अशी, की तो उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, फक्त कमी येते. ब्लोअरवरच्या बाणाशी दिशा जुळली नव्हती, मग सुरुवातीच्या कॉइलची दोन टोकं आपसात बदलली. पंख्याच्या पात्यांवर कोळशाच्या भुकटीचं पुट चढलं होतं. ते एका बाजूला जास्त झालं की पंखा थरथरतो आणि ती थरथर बेअरिंगला खाते. पाती तारेच्या ब्रशने घासून काढली. अर्थिंगची वायर नव्याने टाकली आणि मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. आबा दिवसभर लोखंडाला हात लावून असतात आणि पायाशी पाण्याचं डोणं असतं. तिथे यात काटकसर करणं मला मान्य नाही.

जुनी मोटर उघडल्यावर ती कशाने गेली ते कळलं. आषाढ-श्रावणात भट्टी थंड असते, आमच्याकडचा पाऊस भिंतीतून पाझरतो आणि कॉइल ओल धरते. वर कोळशाची भुकटी बसून मोटरीच्या श्वासाच्या फटी बुजलेल्या. तिसरं कारण जास्त धोक्याचं होतं. वीज अचानक गेली की अर्धवट जळलेला वायू नळीतून उलटा ब्लोअरमध्ये शिरतो. वीज परत आली की तो पेट घेतो आणि फट्ट असा आवाज होतो. हा आवाज आमच्या ओळखीचा होता. "भट्टी शिंकली," असं म्हणून आबा पुढच्या कामाला लागायचे. आतली वायर त्या झळांनी करपलेली मी त्यांना दाखवली. बराच वेळ हातात धरून ते बघत राहिले. मग स्वतःच पत्रा कापला आणि नळीत सरकती झडप बसवून दिली.

आता वीज गेली की पहिलं काम झडप बंद करण्याचं. वारं कमी हवं असेल तरी तीच थोडी ओढायची. झडप मिटली की मोटरीवर ताण येईल, असं आबांना वाटायचं. होतं उलटं. पंख्याने हवाच कमी ढकलली की मोटरीला करंट कमी लागतो. अ‍ॅमीटर लावून दाखवल्यावर त्यांना पटलं. पावसाळ्यात मोटर काढून घरात, चुलीच्या खोलीत ठेवतो. पुन्हा जोडण्याआधी शेजारी शंभराचा बल्ब लावून ती सुकवतो आणि कारखान्यातून मेगर मागून आणून कॉइल तपासतो. काटा एक मेगओहमच्या वर असल्याशिवाय वीज जोडत नाही.

जुनी मोटर कापणी उरकल्यावर रिवाइंड करून आणली. कोळवण खोऱ्यातले एक लोहारबाबा राबाची कवळं तोडायच्या हंगामासाठी कोयत्याचं पोलाद मागायला आले होते, त्यांनी झडप दोनदा उघडझाक करून पाहिली. त्यांच्याकडेही भट्टी शिंकते, आणि तिथे अजून सूनबाई हाताचा पंखा फिरवते. "तुझी जुनी मोटर पडून हाय ना?" त्यांनी विचारलं. आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "घेऊन जा," म्हणाले, "पर झडप लावल्याबिगर बटान दाबायचं न्हाई. पोरगा येईल बसवाया."