जाऊन विचारलेस काय?

आमचे थोरले काका दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर खेचरे हाकीत होते. युद्ध संपल्यावर ते बेळगाव जिल्ह्यातील आपल्या गावी परतले आणि उरलेले आयुष्य त्यांनी शेतीत घालविले. आम्ही मुले त्यांच्याभोवती जमून एकच प्रश्न विचारीत असू, "काका, तुम्ही शत्रू किती मारले?" काका मात्र दर वेळी, ज्या दिवशी एकही तोफ वाजली नाही त्या दिवसाची गोष्ट सांगत आणि आमचा हिरमोड होई.

ती गोष्ट अक्याब बेटाची होय. त्याच नावाच्या तेथील शहरास आज सित्तवे म्हणतात. ह्या बेटावर विमानतळ होता आणि आराकानचे सारे युद्ध त्याच्याभोवती फिरत होते. दाट अरण्य, उभे डोंगर आणि भरतीच्या खाड्या अशा त्या मुलखात गाडी जाईना तेथे खेचर जाई. खेचरही पोहोचेना तेथे विमानातून हवाई छत्रीने धान्य व दारूगोळा उतरे. 1944 च्या फेब्रुवारीत जपान्यांनी एका तळास वेढा घातला, तेव्हा आतल्या फौजा आकाशातून आलेल्या शिध्यावरच टिकल्या. त्यापूर्वी अक्याब घेण्याचा पहिला प्रयत्न मात्र 1943 साली, पुष्कळ रक्त सांडून, फसला होता.

म्हणून 1945 च्या जानेवारीत तयारी मोठी केलेली होती. ता. 3 रोजी युद्धनौकांनी व विमानांनी बेट भाजून काढावयाचे आणि मग फौज उतरवावयाची, असा बेत होता. काका तेव्हा खाडीच्या अलीकडच्या तीरावर आपल्या खेचरांसह होते. आदल्या दिवशी तोफखान्याचा कॅप्टन जॅरेट हा टेहळणीचे लहानसे विमान घेऊन बेटावर गेला. खाली त्यास शत्रूची काहीच हालचाल दिसेना. त्याने धीर करून विमान सरळ जमिनीवर उतरविले. गावकऱ्यांनी त्यास सांगितले की, जपानी निघून गेले आहेत! भडिमार रद्द झाला. दुसऱ्या दिवशी फौज उतरली, ती एकही गोळी न झाडता.

सर्वच ठिकाणी असे घडले नाही, हेही काका सांगत. त्याच महिन्यात रामरी बेटावर प्रचंड भडिमार करूनच फौज उतरवावी लागली. कांगॉ येथे तर डोंगरमाथ्यांसाठी हातघाईची लढाई झाली. तेथे थिमय्या, सेन आणि आपल्या कोल्हापूरकडचे थोरात अशा तिघा हिंदी अधिकाऱ्यांच्या पलटणी लढल्या. थोरातांस त्या पराक्रमाबद्दल डी. एस. ओ. हे पदक मिळाले. पुढे अक्याब व रामरी येथील विमानतळांवरूनच रंगूनकडे दौडणाऱ्या सैन्यास रसद गेली. आम्हांस ह्या लढाया आवडत. काकांस ते लहानसे विमान आवडे. "त्या गावात बायापोरं होती रे," एवढेच ते म्हणत.

त्या दिवसापासून त्यांस एक सवय जडली होती. कोणी कोणाविषयी काही वाईट सांगू लागले की ते विचारीत, "तू जाऊन इचारलास काय?"

आम्ही इयत्ता सातवीत असताना आमची कंपासपेटी हरवली. ती शेजारच्या बाकावरील मित्राने घेतली, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले आणि त्याच्याशी बोलणे सोडले. काकांनी तोच प्रश्न केला. आम्ही मान खाली घातली, पण गेलो नाही. तीन आठवड्यांनी पेटी आमच्याच माळ्यावर, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात सापडली. आम्ही धावतच मित्राच्या घरी गेलो. दारास कुलूप होते. त्याच्या वडिलांची बदली झाली होती आणि कुटुंब चार दिवसांपूर्वीच गाव सोडून गेले होते.

काका आम्हांस रागावले नाहीत. काही वर्षांनी ते वारले. तो मित्र मात्र आम्हांस पुन्हा कधीच भेटला नाही. आज आमचे केस पांढरे झाले आहेत. परंतु कोणाविषयी काही कानी आले की तो प्रश्न अजूनही ऐकू येतो, आणि आम्ही जोडे घालून उठतो.