‘संशोधनात सिद्ध झालंय’, पण कुठल्या?

बिरसी परिसरातले रुग्ण मला मोबाईलवरचा मेसेज दाखवून विचारतात, “डॉक्टरसाहेब, संशोधनात सिद्ध झालंय म्हणे, मग शुगरची गोळी बंद करू का?” मी विचारतो, “कुठल्या संशोधनात?”

शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी असते. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमून निबंध पाठवण्याचे समान नियम ठरवले. त्या पद्धतीत आधी लेखक, मग शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड आणि पाने असा क्रम असतो.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीचंच उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सहकाऱ्यांसोबत नवजात बाळांच्या घरीच घेतलेल्या काळजीचा अभ्यास केला. त्याच्या संदर्भाचा शेवट असा: लॅन्सेट १९९९;३५४:१९५५–६१. म्हणजे साल १९९९, खंड ३५४, पाने १९५५ ते १९६१. एवढ्या पत्त्यावरून कोणीही तो अभ्यास शोधून तपासू शकतो.

पत्ता दिला म्हणजे दावा खरा ठरत नाही, पण तो पडताळता येतो. खोटा पत्ताही शोधल्यावर उघडा पडतो. म्हणून मेसेज वाचून गोळी बंद करू नका. तो घेऊन दवाखान्यात या, आपण मिळून पाहू.