गढूळलेली बाटली

आम्ही मूळचे कोकणी बोलणारे. घरात पाण्याला अजूनही ‘उदक’च म्हणतो. कलाशाखेची पदवी घेऊन वारासिवनीस मराठी शिकवावयास आलो, तेव्हा रसायनशास्त्राशी आमचा संबंध कायमचा सुटला, अशी आमची समजूत होती. मातोश्रींच्या साडीने ती खोटी ठरविली.

साडी येथल्याच हातमागावरची, रेशमी. वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या आनंदात घेतलेली. नेहमीचा साबण रेशमाला मानवत नाही, म्हणून गावातल्या एका दुकानातून धुण्याचे खास द्रव आणले. अर्धी बाटली उरली, ती बूच सैल ठेवून आम्ही उन्हाच्या खिडकीत विसरलो. दोन उन्हाळे गेले. मग एके दिवशी ते द्रव कोमट पाण्यात ओतले, तो पाणी तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके झाले! साडी अजून बुडविली नव्हती, एवढेच नशीब.

आम्ही तडक दुकानी गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत “भेसळीचा माल विकता” असे बोलून बसलो. म्हातारे शेटजी शांतपणे म्हणाले, “गुरुजी, त्याच पेटीतली एक बाटली माळ्यावर आहे. पैसे नकोत, पडताळून पाहा.”

आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षकांनी दोन परीक्षानळ्यांत दोन्ही द्रवे सारख्याच पाण्यात मिसळून तापत्या पाण्यात धरली. आमची नळी कोमट होताच गढुळली; शेटजींची पुष्कळ तापेपर्यंत नितळ राहिली. थंड होताच दोन्ही पुन्हा स्वच्छ! आमच्या द्रवाने निळा लिटमसही तांबडा केला.

वेष्टनावर ‘अनायनी’ असा शब्द होता. साबणाचा रेणू पाण्यात विद्युत्भार धारण करतो; याच्यावर भारच नसतो. त्याच्या लांब शेपटीत ठरावीक अंतराने ऑक्सिजनचे अणू असतात, ते हायड्रोजन-बंधांनी पाण्यास धरून राहतात, म्हणून तो विरघळतो. साखर ऊन पाण्यात अधिक विरघळते; याचे उफराटे. उष्णतेने ती पकड सैल होते आणि एका तापमानास रेणू पाण्यापासून फुटून निघतात. त्यालाच मेघबिंदू म्हणतात. (नाव मात्र कवीला शोभणारे!)

हवेतील ऑक्सिजन त्या शेपटीवरच घाला घालतो. प्रथम पेरॉक्साइडे बनतात, मग साखळी तुटते. फॉर्माल्डिहाइड आणि मुंगीच्या दंशातले फॉर्मिक आम्ल तयार होते. म्हणून लिटमस तांबडा. आखूड झालेल्या शेपटीची पाण्यावरील पकड दुबळी, म्हणून मेघबिंदू खाली येतो. ऊन, उष्णता आणि लोह-तांब्याचे अंश या क्रियेस वेग देतात. अर्ध्या बाटलीतली हवा तर हाताशीच असते. औषधांच्या इंजेक्शनांत पॉलिसॉर्बेट नावाचे याच जातीचे द्रव्य घालतात; तेथे हीच पेरॉक्साइडे नाजूक प्रथिने बिघडवितात, म्हणून त्याची साठवण फार जपून करावी लागते.

भेसळ कोणी केलीच नव्हती. बिघाड आमच्या खिडकीत झाला होता.

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी बाजाराचा वार पाहून, दुकानात गर्दी असतानाच आम्ही गेलो आणि मोठ्याने क्षमा मागितली. शेटजींनी काटा सोडला नाही, पुडी बांधता बांधता एवढेच विचारले, “बूच घट्ट लावता ना आता, गुरुजी?”